वस्तीची गाडी

प्रवासाविषयी आपल्या भाषेत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन, जो निघतो आणि इष्ट स्थळी पोहोचतो, त्याच्या दृष्टीने झालेले आहे. वाहनाची वाट पाहत जो थांब्यावर उभा असतो, आणि ते न आल्यास ज्याला मुकाट्याने घरी परतावे लागते, त्याच्या बाजूने हा विषय क्वचितच पाहिला गेला असेल. माझ्या मते प्रवासातील खरा नीतिविषयक प्रश्न त्या थांब्यावरच उत्पन्न होतो.

कोकणात जिला ‘वस्तीची गाडी’ म्हणतात तिचा परिचय शहरातील कित्येक वाचकांस नसण्याचा संभव आहे. तालुक्याच्या आगारातून एस. टी. ची एक गाडी संध्याकाळी निघते. वाटेत वाड्यावाड्यांवर माणसे उतरवीत, घाटीची वळणे घेत ती अखेरच्या गावी पोहोचते, तेव्हा चांगलाच काळोख पडलेला असतो. त्यापुढे रस्ता नसतो. असते ती खाडी, किंवा माडांची बाग आणि तिच्या पलीकडे समुद्र. गाडी तेथून परत फिरत नाही. रात्रभर गावातच राहते. चालक आणि वाहक देवळाच्या ओवरीत, शाळेच्या पडवीत किंवा गाडीतच पथारी पसरतात. कोणी त्यांना पाण्याची कळशी आणून देतो, कोणी चहा विचारतो. पहाटे उजाडण्यापूर्वी तीच गाडी गावची माणसे घेऊन तालुक्याकडे निघते. त्यांत कोणी दवाखान्यात जाणारा असतो, कोणी कचेरीत; कोणी कॉलेजची मुलगी असते, तर कोणी मासळीची पाटी घेतलेली बाजारकरीण.

हिशेबाच्या दृष्टीने पाहू गेल्यास याहून अव्यवहारी वाहन शोधून सापडणार नाही. अखेरच्या चारदोन मैलांत गाडीत पाच-सात माणसे उरतात. त्यांच्या तिकिटांतून डिझेलचाही खर्च निघत नाही, मग चालक-वाहकांचे वेतन आणि गाडीची झीज कोठली निघणार? तेव्हा प्रश्न असा की, मूठभर माणसांसाठी असे वाहन चालविणे समाजाचे कर्तव्य आहे काय? आणि असल्यास त्या कर्तव्यास नाव कोणते द्यावे? तो व्यापार तर नव्हेच. मग ते दान म्हणावे, की ऋणाची फेड म्हणावी? नाव कोणतेही दिले तरी चालेल, असे मात्र नाही. ज्याला आपण दान समजतो ते तंगीच्या दिवसांत प्रथम बंद करतो.

उत्तराकडे वळण्यापूर्वी या भूमीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. सह्याद्री आणि सागर यांच्यामध्ये सापडलेली ही अरुंद पट्टी आडव्या खाड्यांनी ठायी ठायी चिरलेली आहे. सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला आणि वाघोटण विजयदुर्गाला समुद्रास मिळते. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की पलीकडचे धोपावे डोळ्यांसमोर दिसते. पण होडी अथवा फेरीबोट नसेल तर तेथे जाण्यास चिपळूणवरून कित्येक तासांचा वळसा पडतो. सपाट देशावर अंतर मैलांनी मोजतात; येथे ते वाहनाच्या असण्या-नसण्याने मोजावे लागते. वाहन असेल तर गाव जवळ, नसेल तर तेच गाव परदेशाइतके दूर.

म्हणूनच या प्रदेशात ‘तर’ ही फार जुनी संस्था आहे. काठावर उभे राहून एका माणसाने कुकारा घातला की पलीकडचा तरवाला त्या एकट्यासाठी होडी सोडी. मुंबईहून येणाऱ्यांसाठी आगबोटी होत्या. त्या बंदरापासून दूर उभ्या राहत आणि उतारूंना पडावांतून किनाऱ्यावर यावे लागे. दूरच्या बंदरांची ही वाहतूक पावसाळ्यात बंद पडे, आणि मुंबईतील चाकरमान्याला घरच्या मृत्यूची वार्ता कळली तरी अंत्यदर्शनाची आशा सोडावी लागे. जवळच्या वाहतुकीतही धोका होताच. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या दिवशी अमावास्या होती, आणि पुष्कळ मंडळी सणासाठी घरी निघाली होती. ती साहसप्रिय नव्हती. त्यांना घरी जावयाचे होते, इतकेच.

पुढच्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, सरकारी वाहतुकीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशी धावली, आणि कालांतराने कोकणातील खेडोपाडी लाल गाडी दिसू लागली. त्यानंतर अर्धशतकाने, २६ जानेवारी १९९८ रोजी, कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. रोहे ते ठोकूर अशी ही ७४१ किलोमीटरांची वाट आहे. नव्वदांहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल बांधून ती काढलेली आहे. मानवी कर्तृत्वाचे ते एक नि:संशय भूषण आहे. परंतु स्थानकांच्या पाट्या वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. ‘राजापूर रोड’, ‘सावंतवाडी रोड’ अशी ती नावे आहेत. या ‘रोड’ शब्दाचा रेल्वेच्या परिभाषेतील अर्थ एवढाच की, गाव येथे नाही. येथे उतरून रस्ता धरा. रेल्वेने मुंबई जवळ आणली, पण स्थानकापासून घरापर्यंतचा रस्ता होता तसाच राहिला. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला त्या शेवटच्या टप्प्याला वाहन नसेल, तर बोगद्यांचे सारे वैभव त्याच्यापुरते फलाटावरच संपते.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे पाहू, आणि ते त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडू. तो म्हणेल की, सरकारी तिजोरी काही आकाशातून भरत नाही. रिकाम्या गाडीवर खर्च होणारे पैसे कोणातरी गरिबाचेच असतात. ज्या मार्गावर शंभर माणसे दाराला लोंबकळत जातात, तेथे दुसरी गाडी सोडण्याऐवजी पाच माणसांसाठी खाडीकाठी गाडी पाठविणे हा त्या शंभरांवर अन्याय नव्हे काय? शिवाय आता घरोघरी दुचाकी आहे, नाक्यावर वडाप आहे, रिक्षा आहे. काळाबरोबर ज्याची गरज संपली ते भावनेच्या भरात जिवंत ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

हा युक्तिवाद थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्यास कोकणच्या अभिमानी माणसाकडून सामान्यत: जे उत्तर दिले जाते ते ऋणाचे असते. मुंबईच्या गिरण्या ज्या हातांनी चालल्या त्यांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील हातांचा भरणा मोठा होता. त्यांच्या मनिऑर्डरींवर गावची घरे जगली हे खरे. पण त्यांच्या श्रमांवर मुंबई वाढली हेही तितकेच खरे. रेल्वेसाठी जमिनी येथल्याच शेतकऱ्यांनी दिल्या. तेव्हा कोकणातील शेवटच्या गावाला गाडी देणे हे जुन्या देण्याची फेड आहे, असे हे उत्तर सांगते.

उत्तर खरे आहे. पण ते पुरेसे आहे असे मला वाटत नाही. ऋणाची भाषा वापरली की हिशेब आलाच, आणि हिशेब कधीतरी पुरा होतो. कोणी विचारील की, गिरण्या बंद पडल्या, मनिऑर्डरी थांबल्या, आता किती वर्षे फेडावयाचे? आणि ज्या गावाने मुंबईला एकही कामगार दिला नाही त्याने काय करावे? एखाद्या म्हातारीला दवाखान्यात जाता यावे, हे तिच्या आजोबांनी गिरणीत काय केले यावर अवलंबून ठेवणे योग्य होणार नाही.

अधिक खोल उत्तराचा धागा मला त्या गाडीच्याच ब्रीदात सापडतो. एस. टी. ने ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद स्वीकारले आहे. विरुद्ध पक्षाला ते आपलेच समर्थन वाटेल. कारण बहुजनांचे हित पाहावयाचे तर शंभरांचा मार्ग सोडून पाचांच्या मार्गावर का जावे? परंतु हे शब्द जेथून आले ते स्थळ पाहण्यासारखे आहे. ते विनयपिटकाच्या महावग्गात आहेत. गोव्यातील साखवाळ गावी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांच्या लेखनाने बौद्ध वाङ्मयाचा परिचय मराठी वाचकांस करून दिला; त्यामुळे तो प्रसंग अनेकांस ठाऊक असेल. भगवान बुद्ध आपल्या पहिल्या साठ अर्हत शिष्यांना चारिकेस पाठवितात आणि बहुजनांच्या हितासाठी, सुखासाठी हिंडावयास सांगतात. त्याच उपदेशात, लगेच पुढे, ते बजावतात की एका वाटेने दोघांनी जाऊ नये.

या दुसऱ्या सूचनेचे महत्त्व आपण विसरतो. बहुजनांचे हित साधावयाचे तर जेथे गर्दी आहे तेथे सर्वांनी मिळून जावे, असे तेथे सांगितलेले नाही. साठ शिष्य राजमार्गाने एखाद्या मोठ्या नगरीत गेले असते, तर श्रोते पुष्कळ मिळाले असते. पण मग आडवाटेवरचे गाव तसेच राहिले असते. म्हणजे ‘बहुजन’ हा शब्द तेथे एका ठिकाणी जमलेल्या समुदायाचा वाचक नाही. अनेक वाटांवर विखुरलेल्या माणसांचा तो वाचक आहे. बुद्धांच्या मनात वाहतुकीचे वेळापत्रक नव्हते, हे सांगावयास नको. तथापि ज्या संस्थेने हे शब्द आपल्या माथ्यावर घेतले तिने त्यांच्या शेजारचे वाक्यही वाचावे, अशी अपेक्षा करण्यात गैर काय आहे?

येथपर्यंत मी तत्त्वाची गोष्ट केली. परंतु या प्रश्नाचे मर्म मला तत्त्वचिंतनाने कळले नाही. ते एका घरगुती संभाषणात कळले.

माझी आत्या खाडीकाठच्या अशाच एका अखेरच्या गावात राहते. तेथील वस्तीची गाडी काही वर्षांपूर्वी बंद झाली. रक्तदाबासाठी तिला दर महिन्याला तालुक्याच्या दवाखान्यात जावे लागते. शेजारचा एक मुलगा तिला आपल्या रिक्षातून नेतो, आणि तोही भला म्हणून तिच्याकडून पैसे घेत नाही. गेल्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा कळले की, ती दोन महिने दवाखान्यात गेलेलीच नाही. मी रागावून कारण विचारले.

“अरे, तो नाही म्हणत नाही,” ती म्हणाली, “आणि पैसे घेत नाही. म्हणूनच पुन्हा सांगायला लाज वाटते.”

“मग आत्या, मला कळवायचंस. मी गाडी घेऊन आलो असतो.”

“तुझ्या गाडीतून येईन रे. पण परत कधी यायचं, ते तू ठरवणार. एस. टी. होती तेव्हा मी तिकीट काढत होते, आणि मनात येईल त्या गाडीने परत येत होते. कोणाला काही सांगावं लागत नव्हतं.”

मी निरुत्तर झालो. तिजोरीच्या बाजूने पाहिले तर ती तोट्यातील गाडी आत्यावर केलेला उपकार होता. आत्याच्या बाजूने पाहिले तर तीच एक गोष्ट तिला सर्वांच्या उपकारांपासून मुक्त ठेवीत होती. तिकिटाचे ते दहा-वीस रुपये खर्चाच्या मानाने अल्प असतील; पण ते दिल्यावर ती कोणाची मिंधी राहत नव्हती. शेजाऱ्याचा चांगुलपणा हा मोठा गुण खरा. परंतु ज्या समाजात म्हाताऱ्या माणसाला औषधासाठी दरमहा दुसऱ्याच्या चांगुलपणावर विसंबावे लागते, तो समाज चांगुलपणाला नाहक राबवितो. सज्जनांवर विसंबण्याची वेळ सज्जन माणसांना येऊ न देणे, हेच सार्वजनिक व्यवस्थेचे प्रयोजन आहे.

तरवाला आणि वस्तीची गाडी यांतील भेद येथे स्पष्ट होतो. तरवाल्याला कुकारा घालावा लागे; गाडी हाक न मारता येते. आज कोणी येणार आहे की नाही हे न विचारता ती पहाटे उभी असते. तिच्या ठरलेपणात एक प्रकारचा आदर असतो. ‘तुम्ही आलात तर जागा आहे, आणि न आलात तर कारण विचारणार नाही,’ असे ती मुक्याने सांगत असते. असा आदर रिकाम्या आसनांच्या संख्येने मोजता येत नाही.

वडाप आणि दुचाकी यांनी गरज संपविली, हा आक्षेपही यामुळे ढिला पडतो. वडाप भरल्यावाचून सुटत नाही, आणि दुपारी ती नसतेच. दुचाकी ज्याला चालविता येते त्याची. वृद्ध, बालके आणि आजारी माणसे यांना दुसऱ्याच्या मागे बसावे लागते. शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. चा प्रवास मोफत केला, आणि मार्च २०२३ मध्ये स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली. दोन्ही निर्णय स्तुत्य आहेत. परंतु सवलत गाडीत बसल्यावर मिळते. जेथे गाडीच येत नाही तेथे मोफत तिकिटाचे मोल काय?

आता दोष कोणाचा, याचाही विचार केला पाहिजे. आत्याच्या गावची गाडी बंद झाली तेव्हा आम्ही सारे आगारावर रागावलो. परंतु मागे वळून पाहता मला दुसरेच दिसते. पूर्वी मे महिन्यात आणि गणपतीला आम्हा चार-पाच बिऱ्हाडांची माणसे त्याच गाडीने गावी येत. नंतर एकेकाने मोटार घेतली. प्रत्येकाचे कारण योग्य होते. कोणाची मुले लहान, कोणाचे सामान फार. परंतु आगाराच्या वहीत आमची आसने एकामागून एक रिकामी होत गेली, आणि ज्यांना दुसरा उपाय नव्हता त्यांच्या डोक्यावर साऱ्या तोट्याचा भार आला. आम्ही गाडी सोडली, तेव्हा गाडीने गाव सोडले. आणि तरीही सुटीत तेथे जाऊन ‘गाव कसे अजून शांत राहिले आहे’ म्हणून आनंद मानणारे आम्हीच! त्या शांततेची किंमत कोण देत होते, हे विचारावे असे आम्हांला सुचले नाही.

आणखी एका माणसाची बाजू सांगावयाची राहिली. वस्तीच्या गाडीचा चालक आणि वाहक हेही कोणाच्या तरी घरचे असतात. स्वत:चे अंथरूण सोडून ते परगावच्या ओवरीत निजतात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप पुढील एप्रिलपर्यंत रेंगाळला. शहरातील माणसाची त्या काळात गैरसोय झाली. पण खेड्यातील पुष्कळांचे जाणेयेणेच खुंटले. त्यावेळी संपकऱ्यांना दूषणे देणारे आपल्यात पुष्कळ होते. परंतु खेड्याला स्वस्त वाहन देण्याचे पुण्य समाजाला हवे असेल, तर त्याचा खर्च चालकाच्या पोटातून काढणे हा अधर्म होय. कर्तव्य सर्वांचे असेल तर त्याची झळही सर्वांनी सोसावी.

मी असे म्हणत नाही की, एकदा सुरू झालेली प्रत्येक फेरी यावच्चंद्रदिवाकरौ चालावी. गावे बदलतात, गरजा बदलतात. पन्नास आसनांच्या गाडीऐवजी लहान गाडी पाठविता येईल. रेल्वे येण्याची वेळ आणि एस. टी. सुटण्याची वेळ यांचा मेळ घालता येईल. आजही कित्येक स्थानकांवर तो नाही. परंतु फेरी बंद करण्यापूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न बदलला पाहिजे. ‘या गाडीने किती जण जातात?’ हा प्रश्न दुसरा असावा. ‘ही गाडी नसेल तर कोणाचे जाणे कायमचे थांबेल?’ हा पहिला असावा. ज्याच्यापाशी तीन उपाय आहेत त्याचा एक गेला तर त्याची अडचण होते. ज्याच्यापाशी एकच आहे त्याचे स्वातंत्र्य जाते. या दोन हानी एकाच तराजूत घालणे हा हिशेब म्हणूनही चुकीचाच होय.

आणि आपणांसारख्या मोटारवाल्यांनी काय करावे? फार मोठे काही करण्याजोगे आहे असे नाही. गावी जाताना एखादी खेप त्या गाडीने करावी. फेरी बंद होण्याची सूचना लागली तर अर्जावर सही करावी, आणि त्यापुढे आगारात जाऊन उभेही राहावे. निदान ‘रिकामी गाडी’ पाहून हसू नये.

यंदाच्या सुटीत मी शेजारच्या खोऱ्यातील एका गावी मुक्कामास होतो. तेथे वस्तीची गाडी अजून येते. पहाटे जाग आली तेव्हा पिंपळाखाली ती उभी होती. आत दिवा लागला होता आणि वाहक हातावर पाणी घेऊन डोळे धूत होता. कंदील घेऊन एक म्हातारा आला, दोन शाळकरी मुली आल्या, आणि पाटी सावरीत एक बाई आली. चारच माणसे. वाहकाने वाडीच्या वाटेकडे एकदा पाहिले, क्षणभर थांबला, आणि मग दोन वेळा घंटी मारली. गाडी वळणाआड गेल्यावरही बराच वेळ तिचा आवाज येत होता. आत्याच्या गावी त्याच वेळी कोणी जागे असेल, तर त्याला तो ऐकू गेला नसेल.